बोर्डाची वाट पाहत प्रत्येक स्प्रिंट रखडतोय? घोडं कुठे पेंड खातंय ते असं शोधा

इलेक्ट्रॉनिक उपकरणं बनवणाऱ्या आणि ॲजाइल पद्धतीने, म्हणजे छोट्या टप्प्यांत, काम करणाऱ्या टीममध्ये लक्षणं सगळीकडे सारखीच. दोन आठवड्यांचा स्प्रिंट (कामाचा एक टप्पा), पहिल्या दिवशी उत्साहाने उचललेली टिकटं (नोंदवलेली कामं), आणि शेवटच्या दिवशी त्यातली निम्मी ‘चालू’च्या रकान्यात पडलेली. पुढच्या प्लॅनिंगला तीच पुन्हा वर येतात. रोजच्या स्टँडअपला (छोट्या बैठकीला) हार्डवेअरवाला, म्हणजे सर्किट बोर्डावरची मांडणी (लेआउट) करणारा, म्हणतो, ‘काल लेआउट करत होतो, आजही लेआउटच.’ फर्मवेअरवाला, म्हणजे उपकरणाच्या आतला प्रोग्रॅम लिहिणारा, म्हणतो, ‘बोर्ड आलं की बघतो.’ रिव्ह्यूला डेव्हकिटवरचा (तयार मिळणाऱ्या चाचणी-बोर्डावरचा) एलईडी लुकलुकवून दाखवतात आणि सगळे समजूतदारपणे माना डोलावतात. रेट्रोमध्ये (स्प्रिंटनंतरच्या आढाव्यात) ‘अंदाज चुकले’ एवढंच लिहिलं जातं. पुढच्या वेळी अंदाज दुप्पट, आणि पहिले पाढे पंचावन्न.

अशा टीमला सहसा दोनच सल्ले मिळतात. एक, स्प्रिंट चार आठवड्यांचा करा. दोन, हार्डवेअरला ॲजाइलमधून वगळा. पहिल्या सल्ल्याने फक्त वाट पाहणं लांबतं. दुसऱ्याने दोन्ही बाजू आपापल्या खोलीत बसून काम करतात आणि इंटिग्रेशनच्या, म्हणजे दोन्ही कामं जोडण्याच्या, दिवशी सगळं एकदम अंगावर येतं.

‘हे सॉफ्टवेअरवाल्यांचं खूळ आहे’ हा आक्षेपही अर्धाच खरा. ॲजाइल जाहीरनामा २००१ साली सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या १७ जणांनी लिहिला, हे बरोबर. पण स्क्रम (स्प्रिंटवर चालणारी ॲजाइल पद्धत) हे नाव ज्या लेखातून पुढे आलं, तो हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांचा १९८६ सालचा ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधला लेख नवी उत्पादनं कशी घडतात यावर होता, आणि त्यातली उदाहरणं फोटोकॉपी यंत्रं, कॅमेरे आणि मोटारगाडीची होती. म्हणजे पद्धतीचं मूळ हार्डवेअरमध्येच आहे. घोळ घालतं ते सॉफ्टवेअरकडून जसंच्या तसं उचललेलं एक गृहीतक: दर दोन आठवड्यांनी चालतं उत्पादन हातात आलंच पाहिजे. कोड कंपाइल व्हायला मिनिटं लागतात. गर्बर फाइल (बोर्ड बनवण्याचे नकाशे) कारखान्याला पाठवल्यापासून भाग बसवलेलं बोर्ड टेबलावर यायला काही आठवडे जातात. दोघांना एकच मुदत लावली तर बोर्ड दरवेळी नापास होणारच.

आधी नोंद, मग औषध

मागच्या तीन-चार स्प्रिंटमध्ये पुढे ढकललेली सगळी टिकटं काढा. प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहा: हे नेमकं कशासाठी थांबलं होतं? ‘हार्डवेअर’ हे उत्तर चालणार नाही. वस्तू यायची होती, कुणाचा निर्णय व्हायचा होता, बेंच किंवा बोर्ड दुसऱ्याकडे अडकलं होतं, की काम मुळातच स्प्रिंटमध्ये मावणारं नव्हतं, यांपैकी एक निवडा.

हे करायला तासभर पुरतो, आणि निकाल बहुतेकदा टीमच्या समजुतीपेक्षा वेगळा निघतो. सगळ्यांना वाटत असतं की पुरवठादार उशीर करतोय. यादी पाहिली की कळतं, बोर्ड उशिरा आलं कारण गर्बर उशिरा गेल्या. गर्बर उशिरा गेल्या कारण कनेक्टर ठरला नव्हता. कनेक्टर ठरला नव्हता कारण एन्क्लोजरची (बाहेरच्या डब्याची) उंची कुणी पक्की केली नव्हती. आणि त्या उंचीचं टिकट कुठेच नव्हतं! पुरवठादारावर राग काढण्याआधी ही साखळी एकदा कागदावर मांडून बघा.

टिकटं वस्तूंच्या नावाने लिहिली आहेत का?

माझ्या मते हे सगळ्यात मोठं कारण, म्हणून इथे जरा थांबतो. ‘रेव्ह बी बोर्ड’, ‘सेन्सर ड्रायव्हर’, ‘पॉवर सेक्शन’ ही टिकटं नव्हेत, ही सामानाची यादी झाली. वस्तू स्प्रिंटच्या मुदतीत येईल की नाही हे तुमच्या हातात नसतं. त्या वस्तूबद्दलच्या एखाद्या शंकेचं उत्तर मात्र बहुतेक वेळा दोन आठवड्यांत मिळवता येतं. म्हणून टिकट प्रश्नाच्या रूपात लिहा, आणि मोजून आलेलं उत्तर हाच त्याचा निकाल धरा.

नेहमी दिसणारं एक उदाहरण घेऊ. उपकरणात एक सेन्सर आहे, मुख्य बोर्डापासून केबलने लांब बसवलेला, आय-स्क्वेअर-सी बसवर, म्हणजे चिप्सना जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गावर. टिकट होतं ‘सेन्सर ड्रायव्हर पूर्ण करणे’. फर्मवेअरवाल्याने डेव्हकिट घेतलं, बोटभर जंपर वायरींनी सेन्सर जोडला, १०० किलोहर्ट्झवर वाचन आलं, टिकट बंद. काही आठवड्यांनी खरं बोर्ड आलं, बस ४०० किलोहर्ट्झवर गेली, पूर्ण लांबीची केबल लागली, आणि सेन्सर मधूनमधून उत्तरच देईना. मग नेहमीचा तमाशा: हार्डवेअरवाले ड्रायव्हरकडे बोट दाखवतात, फर्मवेअरवाले कोडमध्ये ‘पुन्हा प्रयत्न कर’चं लूप टाकतात, आणि चूक झाकली जाते.

स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) लावला की दिसतं, सिग्नलची चढती कड उभी नाही, शार्कच्या पंखासारखी वाकलेली आहे. कारण साधं गणित आहे. या बसवर रेषा वर ओढण्याचं काम पुल-अप रेझिस्टर करतो आणि केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) त्याला अडवते. चढायला लागणारा वेळ म्हणजे साधारण रेझिस्टर गुणिले कपॅसिटन्स गुणिले ०.८५. केबल धरून २०० पिकोफॅरड असतील आणि पुल-अप नेहमीचा ४.७ किलोओहमचा असेल, तर हा वेळ सुमारे ८०० नॅनोसेकंद होतो. १०० किलोहर्ट्झला १००० नॅनोसेकंदांपर्यंत मुभा आहे, म्हणून तिथे चाललं असतं. ४०० किलोहर्ट्झला मुभा फक्त ३००ची. दीड किलोओहमचा रेझिस्टर लावला तर वेळ २५५च्या आसपास येतो, आणि ३.३ व्होल्टवर रेषा खाली ओढताना २ मिलिॲम्पियरच्या आसपासच करंट जातो. मर्यादा ३ची आहे. दोन रेझिस्टर बदलले, काम झालं.

आता मुद्दा असा की हे कळायला नवं बोर्ड लागतच नव्हतं. टिकट जर ‘पूर्ण लांबीच्या केबलसह ४०० किलोहर्ट्झवर सिग्नल ३०० नॅनोसेकंदांत चढतो का?’ असं असतं, तर डेव्हकिट, खरी केबल आणि स्कोप एवढ्यावर एका दुपारी उत्तर मिळालं असतं, तेही लेआउट पक्कं होण्याआधी. शिवाय हे टिकट बंद करायला हार्डवेअर आणि फर्मवेअर दोघांना एका टेबलाशी बसावं लागलं असतं, आणि तो फायदा वेगळाच.

सगळी कामं अशी प्रश्नात बसत नाहीत. लेआउट करायचं म्हणजे करायचंच. पण त्याचेही तुकडे पडतात: भागांची जागा ठरवून मेकॅनिकलवाल्यांकडून पक्की करून घेणं, पॉवरचा भाग राऊट करून तपासून घेणं, वेगवान सिग्नल, आणि शेवटी उरलेलं सगळं. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी दुसऱ्या कुणीतरी डोळ्याखालून घातलेलं काहीतरी असलं की पुरे. ‘आजही लेआउटच’ हे वाक्य त्यानंतर आपोआप कमी ऐकू येतं.

फर्मवेअरचा जीव बोर्डात अडकलाय का?

तपासायला सोपं आहे. उद्या सगळी बोर्डं कुलूपबंद केली तर फर्मवेअर टीमचं किती काम चालू राहील? ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं तर कोडमध्ये हार्डवेअरचा थर वेगळा काढलेला नाही. प्रोटोकॉलचं पार्सिंग, स्टेट मशीन, कॅलिब्रेशनचं गणित, मेनू, अलार्मचे नियम यांतल्या कशालाही चिपमधल्या रजिस्टरचा (नियंत्रणाच्या जागेचा) पत्ता ठाऊक असण्याची गरज नाही. पिन, टायमर आणि बस यांना स्पर्श करणारा कोड एका पातळ थरात ठेवला की बाकीचं सगळं साध्या पीसीवर कंपाइल होतं आणि त्याच्या टेस्ट प्रत्येक कमिटला (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाला) काही सेकंदांत चालतात. क्यूईएमयू किंवा रेनोडसारखा सिम्युलेटर त्यापुढची पायरी, पण आधी हा थर वेगळा करा. ते न करता सिम्युलेटर उभा करायला जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

इथे एक खबरदारी. पीसीवरच्या टेस्टसाठी लोक नकली सेन्सर लिहितात आणि तो इतका गुणी असतो की कधी चुकतच नाही. दरवेळी लगेच उत्तर, दरवेळी योग्य आकडा. असल्या नकलेवर हिरव्या झालेल्या टेस्टना फारसा अर्थ नाही. खऱ्या सेन्सरचं वाचन लॉगमध्ये पकडा, त्यातले उशीर, चुकलेली उत्तरं, तारा निसटल्यावर येणारे वेडेवाकडे आकडे, सगळं नकलेत उतरवा. आणि इंटरप्टची (प्रोसेसरला मध्येच थांबवणाऱ्या सूचनेची) वेळ, डीएमए (प्रोसेसरशिवाय होणारी डेटाची हलवाहलव), झोपेतून जागं होणं, बॅटरीचा खप यांची नक्कल करायच्या फंदातच पडू नका. त्यांची जागा बेंचवर.

बेंच म्हणजे सीआयला (कोडचा प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेला) जोडलेलं खरं बोर्ड: कमिट झालं की आपोआप फ्लॅश होतं (नवा कोड त्यात भरला जातो), टेस्ट चालते, निकाल येतो. हे जमलं की टीमचा नूर बदलतो. पण त्यातही एक छुपं दुखणं आहे. अनेक मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या फ्लॅशची हमी १०,००० वेळा पुसून लिहिण्याइतकीच असते. दिवसाला ५० वेळा फ्लॅश केलं तर २०० दिवसांत तो आकडा गाठला जातो. मग एखाद्या सकाळी टेस्ट अधूनमधून नापास होऊ लागतात आणि निर्दोष कोडमधला बग शोधण्यात आठवडा जातो. म्हणून फ्लॅश करण्याआधी बोर्डावर आधीच तोच कोड आहे का हे चेकसम (कोडवरून काढलेला ओळखीचा आकडा) पाहून ठरवा, बेंचवरच्या बोर्डावर फ्लॅशची मोजणी ठेवा, आणि ते बोर्ड उपभोग्य वस्तू समजून वेळेत बदला. अडकलेलं बोर्ड माणसाच्या मदतीशिवाय उठावं म्हणून पुरवठा रिलेमार्फत द्या, नाहीतर शुक्रवारी संध्याकाळी लटकलेला बेंच सोमवारपर्यंत तसाच.

न बदलता येणारे निर्णय स्प्रिंटमध्ये कालवले आहेत का?

सॉफ्टवेअरमध्ये ‘पुढच्या स्प्रिंटला बदलू’ म्हणता येतं. साचा कापायला दिला, गर्बर गेल्या, मोठ्या मुदतीचा भाग मागवला, की ती सोय संपली. म्हणून दोन वेळापत्रकं वेगळी ठेवा आणि शेजारी लावा. एक स्प्रिंटचं. दुसरं बिल्डचं: ईव्हीटी, डीव्हीटी, पीव्हीटी (अभियांत्रिकी, डिझाइन आणि उत्पादन तपासण्याचे टप्पे), प्रत्येकाची बोर्ड हातात हवी ती तारीख आणि तिथून मागे मोजत आलेली फ्रीझची, म्हणजे डिझाइन गोठवण्याची, तारीख. बिल्ड स्प्रिंटच्या शेवटी संपलाच पाहिजे असा हट्ट सोडा. फ्रीझच्या तारखेआधी कोणते प्रश्न सुटलेच पाहिजेत, ही यादी मात्र सोडू नका. स्प्रिंटमध्ये काय घ्यायचं हे त्या यादीवरून ठरतं. फ्रीझ जवळ आला असताना कुणी नव्या फीचरचं टिकट वर ओढलं, तर प्रॉडक्ट ओनरला (कामांचा क्रम ठरवणाऱ्याला) तिथल्या तिथे विचारायला हवं: यादीतला कुठला प्रश्न न सोडवता बोर्ड पाठवायचं?

भागांच्या मुदतीबद्दल फार सांगायला नको. २०२१च्या टंचाईत काही चिप्ससाठी वर्षभर थांबावं लागलं, तो काळ ज्यांनी पाहिलाय ते आता एका जागी दोन वेगळ्या पॅकेजचे फूटप्रिंट (भाग बसवायच्या जागा) देतात आणि मुख्य चिप स्कीमॅटिक (सर्किटचा आराखडा) पूर्ण व्हायच्या आधीच मागवतात.

पहिलं बोर्ड चुकणारच, हे धरून ते दुरुस्त करता येईल असं बनवणं हीसुद्धा ॲजाइलच. शंका असलेल्या जोडणीत शून्य ओहमचा रेझिस्टर ठेवा म्हणजे ती तोडता येते. पर्यायी सर्किटच्या जागा न भरता ठेवून द्या. प्रत्येक पुरवठ्याला आणि प्रत्येक बसला टेस्ट पॉइंट द्या, आणि त्याजवळच ग्राउंडचाही, कारण लांबच्या ग्राउंड वायरीने घेतलेलं मोजमाप फसवतं. उरलेल्या पिन हेडरवर काढा. आकार लहान ठेवायचं खूळ पहिल्या बोर्डाला लावूच नका.

आणि रेव्हिजन नंबर बोर्डावर छापून थांबू नका, तो फर्मवेअरला वाचता आला पाहिजे. तीन पिनांवर वर किंवा खाली रेझिस्टर लावले की आठ रेव्हिजन ओळखता येतात. पिना कमी असतील तर एडीसीच्या (व्होल्टेज मोजणाऱ्या) एका पिनवर दोन रेझिस्टरांचा विभाजक, प्रत्येक रेव्हिजनला वेगळं व्होल्टेज. विभाजक कायम पुरवठ्याला जोडू नका, ३.३ व्होल्टवर एकूण २०० किलोओहम असले तरी १६ मायक्रोॲम्पियर सतत जातात, आणि नाणं-बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणाला ते परवडत नाही. एका जीपीआयओवरून (कोडने चालू-बंद करता येणाऱ्या पिनवरून) पुरवठा द्या, सुरू होताना वाचा, बंद करा. याचा फायदा असा की जुन्या-नव्या सगळ्या बोर्डांवर एकच फर्मवेअर चालतं. ‘हे बिल्ड रेव्ह एला, ते रेव्ह बीला’ ही भानगड संपते, जुनी बोर्डं कचऱ्यात न जाता बेंचवर कामाला लागतात, आणि नवं बोर्ड यायच्या दिवशी त्याच्या पिनांची मांडणी कोडमध्ये आधीच तयार असते.

पूर्ण बोर्डाला वेळ आहे पण एका भागाची धाकधूक आहे, उदाहरणार्थ पॉवर सप्लाय, तर तेवढाच भाग दोन थरांच्या छोट्या बोर्डावर आधी करून घ्या. असं बोर्ड लवकर येतं आणि डेव्हकिटला जोडून मोजता येतं. स्विचिंग रेग्युलेटरचं लेआउट मात्र त्यावर जसं तपासलं तसंच मोठ्या बोर्डात न्या. जागा वाचवायला भाग हलवले की मोजलेलं सगळं पाण्यात.

सगळ्यांना एकाच मापाने मोजताय का?

फर्मवेअर, इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकल यांच्या स्टोरी पॉइंटची (कामाच्या अंदाजी आकाराची) बेरीज करून काढलेल्या वेलॉसिटीवरून (टीमच्या वेगावरून) काहीच कळत नाही. ती काढणं थांबवा. लेआउट करणारा बहुधा एकटाच असतो. त्याच्यासाठी स्प्रिंटचा वायदा ठेवण्यापेक्षा कानबानची (एकामागून एक काम उचलण्याची) रांग बरी, आणि एका वेळी हातात एकच बोर्ड हा नियम. स्टँडअपला मात्र तो हवाच. त्याने रोज प्रगती सांगावी म्हणून नव्हे. कुणीतरी सहज ‘तो पिन आम्ही वापरत नाही’ म्हणतं, तेव्हा ते त्याच्या कानावर पडायला हवं.

नियमांचं काय?

‘आमचं वैद्यकीय उपकरण आहे, आम्हाला ॲजाइल करता येत नाही’ असं ठासून सांगणारे भेटतात. वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरसाठीचं आयईसी ६२३०४ हे मानक विकासाची कुठलीही ठरावीक पद्धत लादत नाही. त्याला हवं असतं नियोजन, गरजा, जोखमी, टेस्ट आणि त्यांच्यातली शोधता येणारी जोडणी. ही जोडणी टिकट बंद करण्याच्या अटींमध्येच घातली तर कागदपत्रं स्प्रिंटगणिक तयार होतात. शेवटच्या महिन्यात बसून मागच्या तारखांचं साहित्य लिहावं लागत नाही. ईएमसीचं (विद्युतचुंबकीय व्यत्ययाच्या चाचणीचं) तसंच. प्रमाणपत्राची चाचणी शेवटी असली तरी पहिलं चालणारं बोर्ड हातात आलं की पूर्व-तपासणी करून घ्या. क्लॉकच्या हार्मोनिकवर आलेलं शिखर तेव्हा फेराइट बीडने किंवा लेआउट बदलून बसवता येतं, साचा तयार झाल्यावर नाही.

गुण आला की नाही, हे कसं कळेल?

नवं बोर्ड आलं की ब्रिंग-अपची (बोर्ड पहिल्यांदा चालू करून बघण्याची) एक यादी ठेवा: काय चाललं नाही, आणि ते बोर्ड पाठवण्याआधी कळू शकलं असतं का. दुसऱ्या रकान्यात ‘हो’ किती वेळा येतं ते बिल्डगणिक पाहा. हा आकडा घटत असेल तर टिकटांचे प्रश्न बरोबर निवडले जातायत. घटत नसेल तर टीमकडे वेळ नाही म्हणून नव्हे, अवघड प्रश्न फ्रीझनंतरवर ढकलले जातायत म्हणून. पुढच्या प्लॅनिंगला ती यादी उघडी ठेवून बसा आणि त्यातला सगळ्यात नकोसा प्रश्न पहिल्या आठवड्यात लावा.

एवढं करूनही टिकटं अडकतच असतील तर पहिल्या नोंदीकडे परत जा आणि ‘निर्णय व्हायचा होता’ हा रकाना बघा. फ्रीझनंतर गरजा बदलत असतील तर स्प्रिंटची कुठलीही डागडुजी कामी येणार नाही. प्रत्येक बदलासमोर रीस्पिनचे (बोर्ड पुन्हा बनवण्याचे) आठवडे आणि वाया जाणारे भाग लिहा, आणि तो कागद ज्याच्या सहीने गरज बदलते त्याच्याकडे न्या.